हद्दीवर पाटी नसते

सार्फाक इत्तुक नावाची एक लाल बोट आहे. आठवड्यातून एकदा ती ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याने वर जाते आणि तशीच खाली येते. दक्षिणेचं टोक काक्कोर्तोक, उत्तरेचं इलुलिस्सात. तीन-चार दिवसांचा प्रवास. ऑगस्टच्या अखेरीस मी तिच्यात बसले ती हिमनग बघायला, हे खरंच. पण निघण्याआधी कोपनहेगनच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि त्यात एक गोष्ट दिसली, ती काही केल्या डोक्यातून जाईना. ग्रीनलंडमध्ये आज पाच कोमुने आहेत. कोमुने म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि नगरपालिका एकत्र केली तर जे होईल ते. शाळा, पाळणाघरं, म्हाताऱ्यांची देखभाल, कचरा, गावातले रस्ते, घर बांधायला जागा, सगळं त्याच एका ऑफिसात. आणि ही एकच बोट पाचही कोमुनेंच्या बंदरांना लागते.

प्रत्येक हद्द ओलांडताना मी डेकवर उभी होते. काळपट पाणी, करडे डोंगर, मधूनच बर्फाचा एखादा तुकडा. कमान नाही, पाटी नाही, ‘आपले सहर्ष स्वागत’ नाही. फोनवरच्या नकाशातला निळा ठिपका तेवढा एका रेषेवरून पलीकडे सरकायचा.

मला या रेषांची एवढी ओढ का, ते सांगायला हवं. मी जव्हारची. बाबा पंचायत समितीत कारकून होते आणि तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. पाड्यांवरून माणसं बाबांच्या टेबलापाशी यायची. काही मैलोन्‌मैल चालत आलेली असायची, काही एसटीने. कागद हातात घेण्याआधी बाबा प्रत्येकाला एकच विचारायचे, “परतीची गाडी किती वाजता?” ज्याची गाडी लवकर, त्याचं काम आधी. रांग त्या हिशोबाने लागायची आणि कोणी कुरकुरलेलं मला आठवत नाही.

पण काही कामं जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्याशिवाय व्हायचीच नाहीत. मी चौथीत असताना बाबा एका आजींना घेऊन ठाण्याला निघाले आणि सुट्टी होती म्हणून मीही बरोबर. पहाटेची पहिली एसटी, वाडा, भिवंडी करत. आजींच्या मांडीवर फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत निराधार पेन्शनचे कागद. पिशवीला त्यांनी दोरा गुंडाळला होता, इतके वेढे की सोडायलाच पाच मिनिटं लागावीत. ऑफिसात पोचलो तेव्हा साहेब मीटिंगला गेले होते. चार वाजता कोणीतरी सांगितलं, उद्या या. उद्या म्हणजे पुन्हा शंभरावर किलोमीटर, नाहीतर स्टँडवर मुक्काम. आम्ही स्टँडवर राहिलो. आजी रात्रभर त्या पिशवीवर हात ठेवून बसून होत्या, आणि मधेच त्यांनी बाबांना विचारलं, “साहेब, इथला साहेब आपल्याकडे कधी येत नाही का?” बाबांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. प्रश्न मात्र त्यांच्या आवाजासकट लक्षात आहे.

तेव्हापासून कुठलाही नकाशा पाहिला की मी आधी मुख्यालयाचा ठिपका शोधते आणि मग त्याच्यापासून सगळ्यात लांबचं गाव. ग्रीनलंडच्या नकाशात हे दोन ठिपके एकमेकांपासून इतके दूर आहेत की पहिल्यांदा मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं.

बोट सुटली ती कुयाल्लेक कोमुनेतून. कुयाल्लेक म्हणजे दक्षिणेकडची. हा ग्रीनलंडचा त्यातल्या त्यात हिरवा कोपरा. इथे मेंढ्या पाळतात, बटाटे लावतात. काक्कोर्तोक, नार्साक आणि नानोर्तालिक ही तिथली तीन शहरं. २००८ संपेपर्यंत यातल्या प्रत्येकाची आपापली कोमुने होती. तेव्हा देशभरात मिळून अठरा कोमुने होत्या, म्हणजे जवळजवळ प्रत्येक शहराला एक.

अठरा हा आकडाही मुळात कमी करत करत आलेला होता. १८५७ च्या सुमारास हिन्रिक रिंक नावाच्या डॅनिश अधिकाऱ्याने किनाऱ्यावर पालक-मंडळं सुरू केली. त्यांत पाद्री असायचा, वसाहतीचा अधिकारी असायचा आणि त्यांच्या जोडीला गावातले निवडलेले शिकारी. गरिबांना मदत कोणाला द्यायची, उरलेले पैसे कसे वाटायचे, हे ही मंडळी ठरवत. निर्णयाच्या टेबलाशी इनुइट, म्हणजे तिथला मूळचा माणूस बसला तो असा, तोही अर्ध्या खुर्चीवर. १९११ मध्ये रीतसर ग्रामसभांसारख्या परिषदा झाल्या, त्या साठच्या आसपास होत्या. १९५० नंतर त्यांची संख्या विसाच्या आत आली. २००९ ला चार. आणि आता पाच. शंभर वर्षांत साठावरून चारावर, आणि मग एक पाऊल मागे. ते एक पाऊल मागे का आलं, हेच मला या प्रवासात बघायचं होतं.

आर्सुकच्या आसपास बोट दुसऱ्या कोमुनेत शिरली. तिथल्या खाडीत आत इवित्तूत आहे. क्रायोलाइट या खनिजाची तिथली खाण एकेकाळी जगात प्रसिद्ध होती. ॲल्युमिनियम गाळायला ते लागायचं, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम किती लागलं ते वेगळं सांगायला नको. १९८७ मध्ये खाण बंद झाली. जवळच्या नौदल तळामुळे थोडी वस्ती उरली, दोनशेही नाही, तरी इवित्तूत ही स्वतंत्र कोमुने म्हणून पुढेही वीसेक वर्षं चालली. इवित्तूत ते तो तळ असा पाचेक किलोमीटरचा रस्ता होता, आणि दोन वस्त्या जोडणारा ग्रीनलंडमधला तो एकमेव रस्ता म्हणून लोक त्याचं नाव घ्यायचे. बाकी सगळीकडे गावातला रस्ता गावाच्या शेवटच्या घरापाशी संपतो. पुढे पाणी, खडक, नाहीतर बर्फ. म्हणूनच या बोटीत आजारी माणसं असतात, वसतिगृहाकडे परतणारी पोरं असतात, फ्रीज असतात, बाबागाड्या असतात. ही बोट म्हणजे त्यांची एसटी आहे.

एवढ्या छोट्या कोमुने चालवायच्या कशा, हा प्रश्न खरा होता. पाचशे माणसांच्या गावाला शिकलेला हिशेबनीस मिळत नाही, बालकल्याणाचं काम समजणारं माणूस मिळत नाही, मिळालंच तर टिकत नाही. शिवाय २१ जून २००९ ला ग्रीनलंडला डेन्मार्ककडून स्वशासन मिळणार होतं आणि राजधानी नूकमधली बरीचशी कामं खाली सोपवायची होती. ती पेलायला खांदे रुंद हवेत, असा विचार झाला. म्हणून १ जानेवारी २००९ ला अठराच्या चार झाल्या. हा विचार मला चुकीचा वाटत नाही. कारकुनाची मुलगी आहे मी. टेबलावर काम समजणारा माणूस नसेल तर टेबल जवळ असून उपयोग नसतो, हेही मी पाहिलेलं आहे.

पण नकाशावर जे उमटलं ते पाहून छातीत धस्स होतं. नूक ज्या कोमुनेत आहे तिचं नाव सेर्मेर्सूक, म्हणजे पुष्कळ बर्फाची जागा. क्षेत्रफळ ५,३१,९०० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३. ग्रीनलंडची एकूण वस्ती छप्पन्न-सत्तावन्न हजार. २०११ च्या जनगणनेत एकट्या जव्हार तालुक्यात याच्या दुपटीहून जास्त माणसं होती. सेर्मेर्सूकच्या वाट्याला त्यातली चोवीस हजारांच्या आसपास येतात आणि त्यातलीही वीसेक हजार नूकमध्येच राहतात. उरलेली कुठे? काही पामियुतला, याच किनाऱ्यावर. आणि काही थेट पूर्व किनाऱ्यावर, तासीलाक आणि इत्तोक्कोर्तूर्मीतला. मधे काय, तर हिमस्तर. जाड ठिकाणी तीन किलोमीटरांहून खोल बर्फ. एकच कोमुने, एकच महापौर, आणि मधोमध बर्फाचं पठार.

नूक ते इत्तोक्कोर्तूर्मीत हे अंतर सरळ रेषेत जवळपास दीड हजार किलोमीटर आहे. साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं हे गाव १९२५ मध्ये तासीलाककडून माणसं नेऊन वसवलं. वर्षातला बराच काळ समोरचा समुद्र गोठलेला असतो. तिथून निघायचं तर हेलिकॉप्टरने धावपट्टीपर्यंत आणि तिथून विमानाने बहुतेकदा आइसलँडला. आपल्याच कोमुनेच्या मुख्यालयात जायला दुसऱ्या देशातून जावं लागतं. त्यांची बोली वेगळी, मुलं शाळेत पश्चिमेची भाषा शिकतात. अगदी अलीकडेपर्यंत घड्याळही वेगळं होतं. नूकच्या दोन तास पुढे. कल्पना करा, ऑफिस उघडायची वाट बघत तुमची अर्धी सकाळ गेलेली आणि तुमचा दिवस संपत आला तरी तिकडे अजून फायली हलतायत.

नूकला बोट काही तास थांबली. पाऊस पडत होता. कोमुनेचं ऑफिस शहराच्या मध्यात आहे, काचेच्या इमारतींच्या गर्दीत. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. आत माझं काय काम? पण दारातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते आणि ती पावसापासून पिशवी जपत होती, डोकं नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

भाषेबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांच्या भाषेत शहराला ‘इल्लोकार्फिक’ म्हणतात, म्हणजे घरं असलेली जागा. छोट्या वस्तीला ‘नुनाकार्फिक’. ‘नुना’ म्हणजे भूमी. हे शब्द मातीतले आहेत. ‘कोमुने’ मात्र डॅनिश, बाहेरून आलेला. आपलं तरी काय वेगळं आहे? गाव, पाडा, वाडी आपले; जिल्हा आणि तालुका अरबीतून आले. तालुका हा शब्द ‘तअल्लुक’शी नातं सांगतो, आणि तअल्लुक म्हणजे संबंध. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, मग बरोबरच आहे की.

मानित्सोकपासून पुढे केक्काता, म्हणजे मधली. इथे मला एक वेगळीच हद्द भेटली. मानित्सोक ध्रुववृत्ताच्या खाली आणि सिसिमियुत वर. पश्चिम किनाऱ्यावर ध्रुववृत्ताच्या उत्तरेला फक्त बर्फावरची गाडी ओढणारे ग्रीनलंडचे कुत्रे पाळता येतात, जात शुद्ध राहावी म्हणून. त्यामुळे एकाच कोमुनेत वरच्या गावाचे कायदे वेगळे आणि खालच्या गावाचे वेगळे. सिसिमियुतच्या धक्क्यावर उतरताना आधी कुत्र्यांचा आवाज आला, मग गाव दिसलं. गावाच्या कडेला त्यांची जागा ठरवून दिलेली आहे. मोठे कुत्रे साखळीला, पिल्लं मोकळी. माणसांनी कुठे राहायचं आणि कुत्र्यांनी कुठे, दोन्ही कोमुनेच ठरवते.

आणि जमीन. ग्रीनलंडमध्ये जमीन कोणाच्याच मालकीची नसते. घर तुमचं, त्याखालचा खडक तुमचा नाही. घर बांधायचं तर कोमुनेकडे अर्ज करायचा, तिने जागा वापरायला दिली की बांधायचं. कुंपण नाही, सातबारा नाही, बांधावरून भावाभावांत भांडण नाही. सिसिमियुतला एका उतारावर लाल, निळी, पिवळी घरं खडकाला चिकटून उभी होती आणि एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या पायऱ्या सरळ वर गेल्या होत्या. आमच्याकडे वनजमिनीच्या दाव्यांवर पिढ्या झिजल्या, त्यामुळे मला हे बघताना घसा दाटून आला. अर्थात जागा कोणाला द्यायची हे ज्या टेबलावर ठरतं, ते टेबल मग आणखीच महत्त्वाचं होतं. ते लांब असून कसं चालेल?

याच केक्काताने सिसिमियुत ते कांगेर्लुस्सुआक हा मातीचा गाडीमार्ग हाती घेतला. दोन वस्त्यांना जमिनीवरून जोडायचं एवढं साधं काम, पण ज्या देशात प्रत्येक गाव जणू बेट आहे तिथे ते केवढं मोठं.

तिसरी हद्द. रात्री आसियात लागलं.

इथेच ते मागे आलेलं पाऊल आहे. २००९ मध्ये जी चौथी कोमुने बनली ती काआसुइत्सुप, ध्रुवीय काळोखाचा प्रदेश. आठ जुन्या कोमुने एकत्र केलेल्या. सुमारे ६,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठी. जगातली सर्वांत विस्तीर्ण कोमुने म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. मुख्यालय इलुलिस्सात. तिथून उत्तरेचं काआनाक हजारावर किलोमीटर. दक्षिणेला कांगात्सियाकच्या वस्त्या, जिथलं जगणं बेटांचं आणि मासळीचं. उत्तरेला काआनाकचे शिकारी, ज्यांच्या वर्षातले काही महिने सूर्य उगवतच नाही. या सगळ्यांच्या अडचणी एका बैठकीच्या विषयपत्रिकेत कशा बसणार? नऊ वर्षं चाललं. १ जानेवारी २०१८ ला तिचे दोन भाग झाले. उत्तरेची अवान्नाता इलुलिस्सातकडे राहिली, आणि डिस्को उपसागराभोवतीच्या आसियात, कांगात्सियाक, कासिगियान्गुइत, केकेर्तार्सुआक या चार शहरांची केकेर्तालिक झाली, म्हणजे बेटं असलेली. तिचं मुख्यालय आसियात.

त्या कोमुनेचं शेवटचं वर्ष फार वाईट गेलं. १७ जून २०१७ च्या रात्री उम्मान्नाककडच्या खाडीत डोंगराचा कडा समुद्रात कोसळला आणि उठलेली लाट नूगात्सियाक या वस्तीवर आली. अकरा घरं वाहून गेली, चार माणसं गेली. तिथली आणि शेजारच्या इल्लोर्सुइतची सगळी माणसं हलवावी लागली. कडा अजून पक्का नव्हता, त्यामुळे परत जाणं राहूनच गेलं. मला राहून राहून वाटतं ते हे: वस्ती उठते तेव्हा लोकांना पैसे लागतातच, पण त्याआधी त्यांना नावाने ओळखणारं कोणीतरी लागतं. कोणाची आजी कोणाकडे, कोणाचे कुत्रे कुठे, कोणाची होडी राहिली. हे फाईलमध्ये नसतं.

ग्रीनलंडला वस्त्या उठण्याची जुनी जखम आहे. डिस्को बेटावरचं कुल्लिस्सात हे कोळशाच्या खाणीचं गाजतं गाव १९७२ मध्ये वरून आलेल्या निर्णयाने बंद केलं गेलं. त्याआधी १९५३ मध्ये, अमेरिकन तळाशेजारच्या सत्तावीस इनुइट कुटुंबांना घरं सोडायला लावून उत्तरेला काआनाकला पाठवलं. त्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती १९९९ मध्ये, तोवर त्यातली कितीतरी माणसं उरलीही नव्हती. तो तळ, आज त्याला पितुफिक म्हणतात, अजूनही कुठल्याच कोमुनेत नाही. नकाशावर अवान्नाताच्या पोटात एक छोटं भोक दिसतं, ते हेच.

दुसरं भोक अवाढव्य आहे. ईशान्येचं राष्ट्रीय उद्यान, ९,७२,००० चौरस किलोमीटर, तीन महाराष्ट्र मावतील एवढं. १९७४ पासूनचं. तिथे डॅनिश सैन्याची कुत्र्यांच्या गाड्यांवरची गस्त असते, थोडी हवामान केंद्रं असतात, कस्तुरी बैल असतात. महापौर नाही, कोमुने नाही, कारण मत द्यायला तिथे राहणारं कोणी नाही.

आसियातच्या धक्क्यावर मी कठड्याला टेकून उभी होते. माझ्या शेजारच्या बंकवर दोन दिवस झोपलेली बाई तिथे उतरली. दोन थैल्या आणि झोपलेला मुलगा. तिला पुढे कांगात्सियाककडे जायचं होतं. छोटी बोट कधी निघेल असं मी विचारलं तर तिने धुक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “इम्माका.” इम्माका म्हणजे कदाचित. ग्रीनलंडमध्ये हा शब्द दिवसातून वीस वेळा कानावर पडतो आणि तो कोणी वैतागून म्हणत नाही.

१ ऑगस्ट २०१४ ला आमचाही जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके घेऊन पालघर. मुख्यालय जव्हारला व्हावं असं आमच्याकडे फार जणांना वाटत होतं. डोंगरातला माणूस खाली उतरतोच आहे कायम, एकदा साहेबाने वर चढावं. ते झालं नाही. ऑफिसं रेल्वेच्या कडेला गेली. ठाण्यापेक्षा जवळ, हे मान्य, पण मोखाड्याच्या टोकाच्या पाड्यावरून आजही जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. त्या दिवशी बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांनी नवीन नकाशा आणून भिंतीला लावला. अजून आहे.

इलुलिस्सातला पोचल्यावर मी त्यांना फोन केला. समोर खाडीच्या तोंडाशी हिमनग अडकून उभे होते, संध्याकाळच्या उजेडात गुलाबी झालेले. ते दाखवले, त्यांनी बरं म्हटलं. मग मी त्यांना पाच कोमुनेंची गोष्ट सांगितली. ते मधे मधे थांबवत होते, किती माणसं, किती अंतर, शाळा कोणाकडे, दवाखाना कोणाकडे. दवाखाने कोमुनेकडे नाहीत, ते नूकच्या सरकारकडे, हे ऐकून म्हणाले, आपल्यासारखं नाही मग.

“आणि सगळ्यात लांबचं गाव कुठलं?”

मी सांगितलं, सियोरापालुक. काआनाकच्याही वर, पन्नासपेक्षाही कमी माणसांचं. काआनाकला कोमुनेचं ऑफिस आहे, तिथवर उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात बर्फावरून कुत्र्यांच्या गाडीने, नाहीतर हेलिकॉप्टरने येतात.

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली.

“परतीचं हेलिकॉप्टर किती वाजता?”

मी म्हटलं, “इम्माका.” मग त्याचा अर्थ सांगितला.

“हां,” बाबा म्हणाले. “मग त्यांचं काम आधी करायला हवं.”